एसटीचा थांबा आणि नव्व्याण्णव अंडी

एका विद्यापीठात अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांचं नाव डॉ. पद्माकर निरगुडे. माणूस विद्वान होता, पण कुणी त्यांची चूक दाखवली की त्यांना खोकला यायचा. तो थांबेपर्यंत चूक दाखवणारा कंटाळून निघून जायचा.

त्यांच्याकडे यामिनी घोलप नावाची मुलगी सहायक म्हणून काम करत होती. एम.ए. झालं होतं आणि पुढे पीएच.डी.साठी परदेशी जायचं तिच्या मनात होतं. त्यासाठी सरांचं शिफारसपत्र हवं. म्हणून दोन वर्षं ती सरांची आकडेवारी नीट करायची, तक्ते काढायची, आणि सर जे बोलतील त्यावर मान हलवायची. मान हलवण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

त्या वर्षी सरांनी चाळीस गावांचा अभ्यास हाती घेतला होता. वीस गावांत एसटीचा नवा थांबा झाला होता, वीस गावांत नव्हता. थांबा झाला की माणसांच्या खाण्यापिण्यात फरक पडतो का, हे सरांना पाहायचं होतं. सर्वेक्षणाची माणसं घरोघर जाऊन विचारत, "गेल्या आठवड्यात घरात किती अंडी खाल्ली?" उत्तर देणाऱ्याला माहीत नसेल तर रकान्यात ९९ लिहायचं, असं ठरलं होतं. सरासरी काढण्याआधी हे सगळे ९९ पुसायचे, हे यामिनीचं काम.

थांबा नसलेल्या गावांची फाइल तिने चोख साफ केली. दुसरी फाइल उघडली त्या दिवशी मात्र ती परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरण्यात गुंतली होती. एका अर्जात 'तुमचा सर्वात मोठा गुण कोणता?' असा प्रश्न होता. तिने लिहिलं, 'बारकाईने काम करणं.' आणि त्या नादात फाइल तशीच पुढे पाठवून दिली.

निकाल आला तेव्हा सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. थांबा नसलेल्या गावात घरटी सहा अंडी, आणि थांबा असलेल्या गावात एकतीस!

"यामिनी, रस्त्याने नुसती माणसं येत नाहीत," सर म्हणाले. "पोषण येतं!"

यामिनीने मान हलवली.

शनिवारी मोठी परिषद होती. सरांनी तिथे भाषण ठरवलं. पहिल्या स्लाइडवर लाल बस होती आणि खिडक्यांमधून अंडी डोकावत होती. विभागातल्या शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांना सरांनी ती दाखवली. यामिनीलाही म्हणाले, "परिषद झाली की सोमवारी तुझं पत्र लिहितो. असं लिहितो की वाचणारा चाट पडेल."

गुरुवारी दुपारी यामिनी भाषणासाठी शेवटची आकृती काढत होती. एकेका घरासाठी एकेक टिंब. बघते तर वरच्या कडेला टिंबांची एक सरळ ओळ, तारेवर चिमण्या बसाव्यात तशी. सगळी टिंबं नव्व्याण्णववर.

९९ पुसायचेच राहिले होते की काय? तरी अजून आशा होती. यादीतला एक फोन नंबर तिने फिरवला. फोन उचलला तो कौसाबाई शेलार नावाच्या बाईंनी.

"मावशी, विद्यापीठातून बोलतेय. मागे आमची माणसं आली होती, तेव्हा तुमच्याकडे आठवड्याला नव्व्याण्णव अंडी खाल्ली, असं लिहिलंय. बरोबर आहे ना?"

"अगं पोरी," कौसाबाई म्हणाल्या, "माझ्याकडे कोंबड्या तीन. त्यातली एक खुडूक बसलीय, अंडंच देत नाही. कोणी सांगितलं हे?"

"तुमच्या मालकांना विचारलं होतं."

"त्यांना? त्यांना घरात मीठ कुठं असतं ते ठाऊक नाही. अंड्यांचं विचारलं असेल तर माहीत नाही म्हणाले असतील."

तसंच झालं होतं. यामिनीने फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या विश्रामला सगळं सांगितलं. विश्राम चोरघडे तिच्याआधीपासूनचा सहायक होता, आणि सावध माणूस होता.

"आज गुरुवार," विश्राम म्हणाला. "सोमवारी पत्रावर सही होईल. मंगळवारी चूक सापडू दे. चुकांना काय घाई असते?"

यामिनीला ते पटलं. घरी जाताना पटलं, जेवतानाही पटलं. फक्त घास उतरेना. परिषदेत कुणीतरी उठून 'नव्व्याण्णव अंडी?' असं विचारेल आणि सर सगळ्यांसमोर उभे राहतील, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सर आरशासमोर भाषणाची तालीम करत होते.

"सर, अंडी चुकली. ९९ पुसायचे राहिले. चूक माझी आहे."

सरांना खोकला आला. चांगला मोठा आला. यामिनी गेली नाही. पाण्याचा पेला पुढे करून ती तिथेच उभी राहिली. खोकला संपला.

"पण एखादं घर खात असेल नव्व्याण्णव," सर म्हणाले.

"दोनशे सात घरं आहेत, सर. सगळी बरोब्बर नव्व्याण्णव."

सर खाली बसले. सगळे ९९ पुसून काढलेला नवा निकाल तिने पुढे ठेवला. इकडेही सहा, तिकडेही सहा. सरांनी बसचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"शिपायालासुद्धा सांगितलंय गं मी," ते म्हणाले.

त्या दिवशी ते तिच्याशी आणखी एक शब्द बोलले नाहीत. पत्र गेलं, असं धरून यामिनी रडून मोकळी झाली.

शनिवारी सरांचं भाषण अकरा मिनिटांत आटोपलं. थांब्यामुळे अंड्यांत काही फरक पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. आधीचा निकाल चुकीचा होता, हेही सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी विचारलं, "चूक कुणी पकडली?"

"माझ्या सहायकाने," सर म्हणाले. "केलीही तिनेच. आणि न तपासता गावभर सांगत मी फिरलो."

सभागृह खळखळून हसलं. आश्चर्य म्हणजे सरही हसले.

सोमवारी त्यांनी पत्र लिहिलं. ते चार ओळींचं होतं. 'ही मुलगी चुका करते. माझ्याकडच्या सगळ्याच सहायकांनी केल्या. पण स्वतःची चूक घेऊन स्वतःच्या पायांनी माझ्या खोलीत आलेली ही पहिली. हिला घ्या.'

यामिनीने नऊ ठिकाणी अर्ज केले होते. आठ ठिकाणांहून नकार आला. नवव्या विद्यापीठाने कळवलं, 'तुमचे गुण ठीक आहेत. पत्र वाचून बोलावत आहोत.'

तात्पर्य: चूक कबूल करताना एकदाच लाजावं लागतं, लपवली तर जन्मभर तिची राखण करावी लागते.