साळिंदराची वाट

माणसाच्या हातात मोबाईल यायच्या कितीतरी आधी जंगलात एक खेळ रंगायचा. दोन संघ, मधे तीन वाटा. समोरच्यांच्या वारुळाला जो आधी शेपटी टेकवेल, त्याचा संघ जिंकला.

मधली वाट साळिंदराकडे होती. पठ्ठ्याने पाचोळ्याखाली आपले काटे उभे रोवले आणि मिशीत हसत बसला. पलीकडचा कोल्हा आला, तो पायात काटा घेऊन बोंबलत परत गेला. साळिंदराला स्वर्ग दोन बोटं उरला.

कोल्ह्याच्या संघातलं मुंगूस मात्र बेरकी. ते वाटेच्या तोंडाशी बसून नुसताच पाचोळा वाजवायचं. आवाज झाला, की साळिंदर घाईघाईने आणखी चार काटे रोवायचा.

इतक्यात त्याच्याच संघातला ससा धापा टाकत आला. "दादा, बाजूच्या दोन्ही वाटा त्यांनी घेतल्या! मी मधून जाऊन त्यांचं वारूळ गाठतो. काटे कुठे कुठे आहेत, तेवढं सांग!"

साळिंदराने डोकं खाजवलं. "ते... आता सगळीकडेच आहेत."

तेवढ्यात मागे एकच जल्लोष उठला. कोल्ह्याने लंगडत लंगडत उजव्या वाटेने येऊन शेपटी टेकवली होती.

"पण माझी वाट एकालाही ओलांडता आली नाही!" साळिंदर छाती काढून म्हणाला.

"खरंय," ससा म्हणाला. "आम्हालासुद्धा नाही."