घुशीचं पक्कं लिंपण

माळावर अजून कुणाचाच नांगर फिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका घुशीने जमिनीखाली ऐसपैस बीळ केलं होतं. आत तिची पिल्लं होती, गवताच्या बियांचा साठा होता. दुःख एकच: पावसाळ्यात भिंतींना ओल यायची आणि बियांना बुरशी धरायची.

बिळाच्या तळाशी एक म्हातारं गांडूळ राहायचं. त्याचं अंग सदा ओलं. एके दिवशी घूस त्याच्यावर उखडली, "तुझ्यामुळेच माझ्या घराला ओल लागते. नीघ इथून!"

"ताई, ओल मी नाही आणत," गांडूळ म्हणालं. "उलट आत शिरलेलं पाणी माझ्याच भोकांतून खाली जिरतं."

"मोठा आला पाणी जिरवणारा!"

गांडूळ निघून गेलं. घुशीने चिकणमातीत पळसावरची लाख मळली आणि भिंती, तळ, गांडुळाची सगळी भोकं चोपून चोपून लिंपली. घर खडखडीत कोरडं झालं. शेजारणींना बोलावून ती कौतुकाने दाखवायची.

श्रावणात झड लागली. बिळाच्या तोंडातून पाणी आत आलं आणि तळाशी साचतच गेलं. घुशीने पिल्लं कशीबशी वर काढली. बी मात्र पाण्यावर तरंगत राहिलं.

"गांडूळदादा, चुकले रे! ये ना परत!" तिने माळभर हाका मारल्या. ओ आली नाही.

वर पिल्लं भुकेने कळवळत होती. घूस पुन्हा पाण्यात शिरली आणि तळ उकरू लागली. नखं तुटली, पण लिंपणाचा टवकाही निघेना. तिने ते फार जीव लावून केलं होतं.