राजाच्या झाडाला सुरी

एका राज्यात राजा होता, राजाच्या अंगणात पिवळा गुलाब होता, आणि दोघांहून मोठा तिथला नियम होता: राजाच्या झाडाला सुरी लावायची नाही. लावेल त्याचा दगड! धन्य त्या अकलेची! अहो, गुलाब कलमी. रानगुलाबाच्या खुंटावर पिवळ्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बांधलेला. जोडाखालून खुंटाचे फुटवे फुटले की छाटावेच लागतात, नाहीतर कलमाचा सगळा रस तेच पितात. हे घरोघरच्या बायकांना ठाऊक, दरबाराला नाही.

म्हादू माळ्याने एक फुटवा छाटला. दरबारी जादूगार कालजंघाने हात उचलला, आणि म्हादूचा उभ्या उभ्या दगड झाला. मग फुटवे माजले, पिवळं कलम मेलं. तर दरबार म्हणे, माळ्याच्या सुरीनेच मेलं! केवढा हा खोटेपणा!

म्हादूची बायको हौसा राजापुढे उभी राहिली.

"महाराज, माझा नवरा परत द्या."

कालजंघ हसला. "काटेवनातून पिवळ्या गुलाबाची काडी काप. सुकू न देता इथे आण. याच झाडावर फूल आणून दाखव. मग दगडाचा माणूस होईल."

हौसा निघाली. साळुंकीने वाट सांगितली, काट्यांनी वाट दिली. तिने म्हादूच्या सुरीने काडी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळून सात दिवस चालत आणली. सुरीला बंदी, म्हणून राजाच्या झाडावर रानगुलाबाच्या एका कोवळ्या फांदीची साल नखाने उकलली, डोळा बसवला, पदराच्या चिंधीने बांधला. डोळा फुटला. कळी आली. पण जुने फुटवे मनगटाएवढे, ते नखाने थोडेच तुटणार! कळी मान टाकू लागली.

"महाराज, फुटवे आज छाटले नाहीत तर कळी उद्या गळेल."

"नियम आहे," राजा म्हणाला.

"नियम! माझ्या माणसाचा दगड केलात तेव्हा नियम, कलम मेलं तेव्हाही नियम! झाड तुमचं, मग तुम्हीच छाटा. घ्या ही सुरी!"

 राजा सिंहासनावरून उतरला, अंगणात झाडाखाली चिखलात बसला, एकेक फुटवा छाटू लागला. कालजंघाने हात उचलला. पण त्याची जादू राजाच्याच शब्दावर चालायची; ती राजावर कशी चालणार? उचललेला हात तिथेच वाळून गेला. कळी उमलली, दगड हलला, आणि म्हादू बायकोकडे चालत आला.

राजाने रत्नहार पुढे केला. हौसाने त्याला हातही लावला नाही.

"हार नको. चूक कुणाची होती, ते भर दरबारात सांगा."

राजाने मान खाली घातली. "माझी," तो म्हणाला.

तेव्हा कुठे हौसा नवऱ्याला घेऊन घरी गेली. तिचा माणूस सुटला, तसे खोट्या आळात अडकलेले सगळे सुटोत.