फळीचं दुसरं टोक

"पण उस्ताद, रेघ सरळ मारतो, करवतीला धार आहे... मग काप तिरका का जातो?"

कासीम उस्ताद उंबऱ्याबाहेर उभे राहून शेडच्या आत बघत होते.

रणजितनं त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून गावाच्या पलीकडच्या वस्तीवरून आणलं होतं, आणि वाटभर हाच प्रश्न विचारला होता. उस्ताद म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचे, संताजीचे गुरू. संताजीचा दुधाचा टेम्पो होता. सकाळची फेरी आटोपली की टेम्पो शेडमध्ये लावायचा आणि उरलेल्या कोपऱ्यात बाक मांडून लाकडाशी झटत बसायचा. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. ती हौस त्याला उस्तादांनी लावली होती.

दसऱ्याच्या सुमाराला संताजी तापाचं निमित्त होऊन गेला. टेम्पो विकावा लागला. शेड मोकळं पडलं.

आणि रणजित त्या शेडमध्ये शिरला.

शाळा त्यानं आठवीतच सोडलेली. डोक्यात आलं की लगेच हात घालायचा, हा त्याचा स्वभाव. दादाचं वर्कशॉप मी पुरं करणार, असं तेराव्याला पाहुण्यांच्या पंगतीत बोलून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पत्र्यावर चढून गळती बुजवत होता. भिंती रंगवल्या. प्लायवूडचा फळा ठोकून त्यावर एकेक हत्यार टांगलं, आणि प्रत्येकाभोवती रंगानं त्याचा आकार काढला, म्हणजे जागा चुकायला नको. दादाचा बल्ब जिथं लोंबायचा तिथंच ट्यूब लावली. खाली मातीची जमीन होती, तिथं कोबा घातला.

एक बाक मात्र त्यानं दादानं ठेवला होता तिथून तसूभरही हलवला नाही. उलट कोबा घालताना बाकाचे पाय सिमेंटमध्ये गाडून पक्के केले. पुन्हा कुणी हलवायचं नावच काढू नये.

"या ना आत," रणजित म्हणाला. "तेवढी चप्पल बाहेर काढा."

उस्तादांनी चप्पल काढली.

"नारळ बी फोडायचा का?"

"थट्टा करू नका, उस्ताद. दादाची जागा आहे."

"ते दिसतंयच."

उस्ताद आत आले. फळ्यावरची हत्यारं बघितली. रंधे, पटाश्या, काटकोनी गुण्या. सगळं तेल लावून लखलखीत. खिडकीच्या कट्ट्यावर डालड्याचा एक जुना डबा होता, झाकण घट्ट लावलेला.

"ह्यात काय?"

"भुसा."

"कसला?"

"दादाच्या हातचा. बाकाखाली पडला होता. वहिनी झाडायला आल्या होत्या, त्यांना म्हटलं, झाडूबिडू काही चालणार नाही इथं. तुम्ही आतच येऊ नका."

उस्तादांनी डबा उचलला. झाकण उघडलं, नाकाशी नेलं, आणि परत लावून जागच्या जागी ठेवला. या वेळी थट्टा केली नाही.

कोपऱ्यात सागवानाचे तुकडे उभे करून ठेवले होते. सगळे तिरके कापलेले.

"हे तुझं?"

रणजितनं मान खाली घातली. "आईचा देव्हारा. दादानं अर्धा केला होता. आई अजून देव फडक्यात गुंडाळून ठेवते, म्हणते देव्हारा झाल्याशिवाय मांडणार नाही. म्हटलं, उरलेला मी करतो. लाकूड दादानं आणून वर्षभर सुकवलेलं. पण..." त्यानं भिंतीला टेकवलेली फळी दाखवली. "आता एकच फळी राहिली, उस्ताद. ही बिघडली तर दादाचं काहीच उरणार नाही. तुम्हीच कापून द्या. पाया पडतो."

"फळी तुझ्या भावाची. देव्हारा तुझ्या आईचा. मी कोण?"

"तुम्ही गुरू."

"त्याचा."

"मग माझे व्हा!"

उस्तादांनी खाली पडलेला एक टाकाऊ तुकडा बाकावर ठेवला. पेन्सिलीनं रेघ ओढली.

"काप."

रणजितनं फळ्यावरून दादाची करवत काढली, कपाळाला लावली, आणि तुकड्यावर टेकवली. बाक भिंतीला लागून होता. उजव्या बाजूला खिडकी. करवत चालू लागली, तसा उस्तादांनी तुकड्याकडे बघायचं सोडून दिलं. ते त्याच्या हाताकडं बघत होते. मग खिडकीकडं. मग पुन्हा हाताकडं.

काप रेघेपासून सुटला.

"बघा! आता तरी बघा! सगळं दादासारखं ठेवलंय, तरी हे असं होतंय."

"हात बघू."

रणजितनं उजवा तळवा पुढं केला. अंगठ्याच्या बुडाशी मोठा फोड फुटला होता. त्याच्या खाली दुसरा, वाळलेला.

"करवत दुसऱ्या हातात घे."

"आँ?"

"डाव्या. घे."

रणजितनं करवत डाव्या हातात धरली.

मूठ हातात बसली. उजव्या हाताला जिथं टोचायचं, तिथं डाव्या हाताच्या अंगठ्यासाठी खोलगट जागा होती. घासून घासून गुळगुळीत झालेली. बोटं आपोआप आपल्या जागी गेली.

...

"ही मूठ," उस्ताद म्हणाले, "त्यानं माझ्यासमोर तासली."

"पण दादा डावरा नव्हता."

उस्तादांनी मुठीतल्या खोलगट जागेवर बोट ठेवलं.

"दादा डावरा नव्हता, उस्ताद! एका ताटात जेवलोय आम्ही. उजव्या हातानं जेवायचा. सही उजव्या हातानं करायचा."

"जेवायला बसला की आईनं डाव्या हातावर चिमटे काढले असतील. मास्तरानं पट्टी मारली असेल. लाकूड कुणाला चिमटे काढत न्हाई. माझ्याकडं आला तेव्हा मी म्हटलं, कुठला हात आधी पुढं येतो तो दे. त्यानं डावा दिला."

"खोटं आहे."

"डावरेच होते, भावजी."

आवाज उंबऱ्यातून आला. शालनवहिनी चहाचे पेले घेऊन आली होती. नेहमीसारखी बाहेरच थांबली होती. पेले तिनं उंबऱ्यावर ठेवले आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?" रणजित तिच्यावर ओरडलाच. "मग मला कसं माहीत नाही? सख्खा भाऊ मी त्याचा!"

वहिनीनं उस्तादांकडं बघितलं.

उस्ताद चहाचा पेला उचलायला वाकले. "तू इथं आत किती वेळा आलास रं, तो काम करताना?"

...

रणजितनं उत्तर शोधलं. त्याला टेम्पोचा हॉर्न आठवला, दादाचं शीळ घालणं आठवलं, घामानं भिजलेला बनियन आठवला. शेडमधून येणारी हाक आठवली. "रंज्या, जरा टोक धर रं!" रोज यायची. लांब फळी कापायची तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंच, नाहीतर कापता कापता ती वजनानं मोडते. हाक आली की तो "आलो, आलो" म्हणायचा आणि मोटारसायकलला किक मारायचा. चौकात पोरं वाट बघत असायची.

दादाचा हात चालताना त्यानं कधी बघितलाच नव्हता.

तो खाली कोब्यावर बसला. करवत मांडीवर.

"मग मी डाव्या हातानं शिकतो," तो एकदम म्हणाला. "आजपासून. जेवतो पण डाव्या हातानं. आईनं काही म्हटलं तरी."

"आणि?"

"आणि काप दादासारखा येईल."

"एक डावरा गेला म्हणून घरात दुसरा आणून बसवायचा?" उस्तादांनी चहाचा घोट घेतला. "मग तुझा स्वतःचा हात कुणाला दिलास?"

"मग काय करू?"

उस्तादांनी पेला ठेवून खिडकीकडं हात केला. बाहेर दुपार होती. त्यांनी रणजितचा उजवा हात धरून बाकावर, पेन्सिलीच्या रेघेवर आणला. हाताची सावली रेघेवर पडली. रेघ दिसेनाशी झाली.

रणजित बघत राहिला. एवढे दिवस तो स्वतःच्याच सावलीत कापत होता.

"त्याला उजेड उजवीकडनं लागायचा," उस्ताद म्हणाले. "तुला डावीकडनं लागतो. बाक समोरच्या भिंतीला घे."

"नाही."

"बरं."

"नाही म्हणजे... येणारच नाही, उस्ताद. पाय सिमेंटमध्ये आहेत."

"कुणी घातले?"

"मीच."

उस्ताद शेडच्या मागच्या बाजूला गेले. परत आले तेव्हा हातात पहार होती. ती त्यांनी रणजितसमोर कोब्यावर टेकवून उभी केली.

"मी नाही फोडणार. दादानं इथं ठेवला होता तो."

"त्यानं मातीवर ठेवला होता. मन झालं की हलवायचा."

...

वहिनीनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

रणजित उठला. पहार घेतली. पहिला घाव घातला तो बाजूलाच, रागानं, नुसता कोब्यावर. दुसरा पायाजवळ. मग तो थांबेना. सिमेंटचे ढपले उडायला लागले. नवा रंगवलेला भिंतीचा खालचा भाग खरवडला गेला. फळ्यावरची हत्यारं थरथरून खणखणली, एक गुण्या खिळ्यावरून खाली पडला, आणि प्लायवूडवर रंगानं काढलेला त्याचा आकार तेवढा मागं राहिला. रणजित घाव घालत होता आणि रडत होता. शिव्याही देत होता, पण कुणाला ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

उस्तादांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"पायाला लागू देऊ नको. लाकूड चांगलं हाय."

शेवटी बाक सुटला. रणजितनं त्याला छाती लावली आणि एकट्यानंच फरफटत समोरच्या भिंतीला नेला. जुन्या जागी कोब्यात फुटके खड्डे राहिले. त्यातून खालची माती दिसत होती.

तो उभा राहून त्या खड्ड्यांकडं बघत राहिला.

"आता हे वर्कशॉप दिसत नाही दादाचं," तो म्हणाला.

"न्हाई दिसत."

"मूठ पण नवी करावी लागणार."

"व्हय."

"जुनी करवत?"

"खिळ्याला राहू दे. तेल घाल अधनंमधनं."

उस्तादांनी पिशवीतून स्वतःची करवत काढली आणि त्याला दिली. "आजच्यापुरती."

रणजितनं शेवटची फळी उचलली. लांबलचक, तांबूस, दादानं निवडून आणलेली. बाकावर ठेवली. गुण्या लावून रेघ मारली. उजेड आता डावीकडून येत होता. रेघ स्पष्ट दिसत होती. त्यानं करवत टेकवली, आणि थांबला.

फळीचं दुसरं टोक बाकाबाहेर लोंबत होतं.

"उस्ताद, टोक धरता का जरा?"

उस्ताद उंबऱ्याकडं निघाले होते. "माझ्या हाताला आता कंप हाय. अर्ध्यात सुटंल."

"मग कोण धरणार? दादा कुणाकडून धरून घ्यायचा?"

उस्तादांची नजर उंबऱ्यावर गेली. रणजितनं त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं.

वहिनी उंबऱ्यापाशी वाकून रिकामे पेले गोळा करत होती. तिची नजर पेल्यांवर नव्हती. ती फळीच्या लोंबणाऱ्या टोकाकडं बघत होती, आणि तिचा एक तळवा नकळत उताणा झाला होता, खालून आधार द्यायला व्हावा तसा.

"वहिनी?" रणजित पुटपुटला. "रोज?"

मी "आलो, आलो" म्हणून पळायचो तेव्हा... त्याला पुढचा विचार करवेना.

तिला त्यानंच आत यायचं बंद केलं होतं. झाडू हातातून हिसकावून घेतला होता.

पेले उचलून ती घराकडं वळली. एक पाऊल गेली. दुसरं.

रणजितनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. एका हातानं फळी दाबून धरलेली, दुसऱ्यात करवत. दोन्ही हात अडकलेले. त्यानं उस्तादांकडं बघितलं, बुडणारा माणूस काठाकडं बघतो तसं.

"उस्ताद... माझ्यानं होत नाही..."

उस्तादांनी चप्पल पायात सरकवली.

"हाक मारायला कुठला हात लागतो रं?"