रिकामी परतलेली चढाई

कबड्डीच्या मुलखात एकदा एक वृद्ध परीक्षक होऊन गेला. त्याचे नाव रामलिंगअप्पा. त्या मुलखात आठ कारखान्यांचे आठ संघ होते आणि दरवर्षी माघ महिन्यात एका विस्तीर्ण मैदानावर त्यांची निवड भरत असे. वीस वर्षांच्या आतली दोनशे-सव्वादोनशे मुले गावोगावहून येत. तीन दिवस त्यांची चाचणी चाले. चौथ्या दिवशी आठही संघांचे प्रमुख ओळीने बसत आणि पाळीपाळीने एकेक नाव पुकारत. प्रत्येक संघाला तीनच नावे. ज्याचे नाव पुकारले गेले त्याला संघात जागा मिळे, कारखान्यात कायमची नोकरी मिळे, घरादाराचे दिवस पालटत. उरलेले आपापली पिशवी उचलून गावाकडची गाडी धरत. वयाची वीस वर्षे उलटली की पुन्हा उभे राहण्याची सोय नव्हती.

अप्पा त्यांपैकी एका संघाचे परीक्षक होते. कोणती तीन नावे पुकारायची हे गेली तीस वर्षे तेच सांगत. त्यांच्या पारखीचा दबदबा मोठा होता. त्यांनी निवडलेली कितीतरी मुले पुढे संघनायक झाली. मात्र चाचणीच्या दिवसांत अप्पा कुणाच्या घरी पाणी पीत नसत, कुणाशेजारी बसत नसत. मुलांचे बाप दुरून नमस्कार करत आणि निवड झाल्यावर निम्म्याहून अधिक जण ओळख दाखवत नसत. घरी पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. संघाच्या कचेरीमागच्या खोलीत ते एकटेच राहत आणि स्वतःची भाकरी स्वतः थापत.

निरंजन हा त्यांचा शिष्य. त्याला अठराव्या वर्षी अप्पांनीच निवडले होते. सहा वर्षे तो संघातून खेळला, मग घोटा मोडला आणि खेळ संपला. तेव्हा संघाच्या अध्यक्षांनी त्याला अप्पांच्या हाताखाली दिले. दोन वर्षांत तो पुष्कळ शिकला. मांड्यांचा घेर पाहून भुलायचे नाही. चढाईत दम कुठे तुटतो तो कान देऊन ऐकायचा. पकड सुटल्यावर मुलाचे पाय काय करतात ते पाहायचे. अप्पा प्रत्येक मुलासाठी वहीत एकच ओळ लिहीत आणि ती लिहिल्यावर सहसा खोडत नसत.

पण अप्पांची एक गोष्ट निरंजनला उलगडत नव्हती. निवड संपली की संघात मेजवानी असे. नव्या मुलांना हार घालत, फोटो काढत. त्या दिवशी अप्पा हमखास नाहीसे होत. खांद्याला पिशवी लावून जे निघत ते महिना-सवामहिन्याने परतत. कुठे जातात हे कुणाला ठाऊक नव्हते. कुणी म्हणे तीर्थाटनाला जातात, कुणी म्हणे नाराज बापांना तोंड चुकवतात. निरंजनने एकदा विचारले तेव्हा अप्पांनी नुसती मान हलवली होती.

तिसऱ्या वर्षी अप्पांची नजर अधू झाली. दूरचे चेहरे नीट ओळखू येईनात. मेजवानीच्या दिवशी त्यांनी निरंजनला बोलावले आणि चार कपडे घेऊन चल, एवढेच सांगितले.

दोघे निघाले. फाल्गुनात गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रेत कबड्डीचे सामने होतात. अप्पा अशा एकेका गावी जात, गर्दीच्या पाठीमागे उभे राहत आणि हळू आवाजात निरंजनला सांगत, अमक्या नावाचा मुलगा कुठे आहे ते शोध. निरंजन शोधी, दाखवी. अप्पा डोळे बारीक करून पूर्ण सामना पाहत. मग कुणाशी न बोलता दोघे पुढच्या गावाची गाडी धरत.

दुसऱ्या गावी निरंजनच्या ध्यानात आले की ही सारी नावे मागच्या सात-आठ वर्षांत न निवडलेल्या मुलांची आहेत. त्याला हे चमत्कारिक वाटले. जी मुले सोडून दिली त्यांच्यामागे उन्हातान्हात हिंडून काय मिळायचे? एक जण खेळ सोडून भाजीची गाडी चालवत होता. एकाचे लग्न होऊन पोट सुटले होते. एक खेळत होता, पण अप्पांनी वहीत जसे लिहिले होते तसाच, पहिल्या दहा मिनिटांत जोर करून नंतर ढेपाळणारा. अप्पा पाहत आणि पान उलटत. आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर निरंजनला एकदाही दिसला नाही. ते फक्त थकलेले दिसत. जेवणे देवळाच्या ओवरीत होत. एवढ्या माणसांच्या गर्दीतून हिंडूनही त्या पंधरा दिवसांत त्यांना नावाने हाक मारणारे कुणी भेटले नाही.

पाचव्या गावी त्यांनी ज्याला शोधले त्याचे नाव हैबती कोळेकर. चोवीस वर्षांचा, सडसडीत, लांब हातांचा. पाच वर्षांपूर्वी तो शेवटच्या संधीला उभा होता. अप्पांच्या वहीतली ओळ अशी होती : ‘दम उत्तम. अखेरीस घाबरतो.’ त्या चाचणीतली शेवटची चढाई अप्पांना स्पष्ट आठवत होती. समोर तीनच गडी उरले होते, दोघांची पावले चुकीच्या जागी होती, हात लांबवला असता तर गुण मिळत होता. हैबती मध्यरेषेच्या पुढे जाऊन आला आणि कुणालाही न शिवता रिकामा परतला. पाहणारे हसले होते. एकाही संघाने त्याचे नाव पुकारले नाही.

यात्रेतला सामना अटीतटीचा झाला. संपायला अर्धे मिनिट उरले असता हैबती चढाईला गेला. पुन्हा तसेच झाले. एक गडी हाताच्या अंतरावर होता; हैबतीने त्याच्याकडे पाहिले, दम न सोडता आडवा सरकत राहिला आणि रिकामा परतला. शिट्टी वाजली. गावकऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतले.

अप्पांनी शेजारच्या माणसाला विचारले, गुण किती होते? तो म्हणाला, आपला संघ एका गुणाने पुढे होता, आता फक्त वेळ काढायची होती. हैबतीचे नेहमीच असे, तो गुणांच्या फळ्याकडे बघितल्याशिवाय रेषा ओलांडत नाही.

अप्पा खाली बसले. निरंजनला वाटले ऊन लागले. त्याने पाणी पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. मग ते म्हणाले, “त्या दिवशीही त्याचाच संघ एका गुणानं जिंकला होता. पण मी फळा बघितला नव्हता, निरंजन. मी फक्त पोराकडं बघत होतो.”

रात्री ते देवळात थांबले आणि सकाळी हैबतीचा पत्ता काढत गुऱ्हाळावर गेले. हैबती तिथे मजुरीला होता. रसाच्या मोठ्या काहिलीखालच्या चुलीत उसाची वाळकी चिपाडे सारण्याचे काम त्याच्याकडे होते. अंग घामाने निथळत होते, भुवया जाळाने करपल्या होत्या. अप्पांना त्याने लगेच ओळखले आणि उठून उभा राहिला. क्षणभर त्याच्या डोळ्यांत काहीतरी हलले. अप्पा इतक्या लांब आले, म्हणजे काही मार्ग निघाला असावा, असे त्याला वाटले असणार. निरंजनला ते दिसले आणि त्याने मान फिरवली.

अप्पांनी हात जोडले. पाच वर्षांपूर्वीच्या त्या चढाईचे आपण काय लिहिले होते ते सांगितले, काल काय पाहिले ते सांगितले. “चूक माझी होती,” ते म्हणाले. “तू घाबरला नव्हतास. तुला निवडायला हवं होतं.”

हैबतीने विचारले, मग आता काही होईल का? अप्पा म्हणाले, नाही. वयाची अट आहे, ती माझ्या हातात नाही.

हैबती चुलीकडे वळला. चिपाडांच्या दोन-तीन कवळ्या आत सारून झाल्यावर, पाठमोराच, तो बोलला. “अप्पा, पाच वरसं मी मनाला समजावत आलो, की आपल्यातच कायतरी कमी हुतं. त्यावर निवांत झोप लागत हुती. आता तुमी सांगताय, कमी नव्हतं. मग ह्या पाच वरसांचं मी करू काय?”

अप्पांनी पुन्हा एकदा हात जोडले. गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला रसाचा पेला दिल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. त्या दिवशी कुणी पेला आणला नाही आणि दोघे कोरड्या घशाने रस्त्याला लागले.

फाट्यावर एका बाभळीखाली गाडीची वाट पाहत बसले असता निरंजनला राहवेना. तो म्हणाला, “अप्पा, रागावू नका. पण तुम्ही त्याला काही दिलं नाहीत, उलट होतं ते समाधान काढून घेतलंत. न सांगता परतला असतात तर काय बिघडलं असतं?”

अप्पा म्हणाले, “कदाचित काहीच बिघडलं नसतं. ऐक. आपण ज्याला निवडतो तो डोळ्यांसमोर असतो. तो चुकला तर सगळं मैदान आपल्याला सांगतं. ज्याला सोडतो तो गावी निघून जातो, आणि आपण त्याच्याबाबतीत चुकलो हे सांगायला कुणीही येत नाही. तीस वर्षं लोक मला म्हणतात, अप्पांची पारख चुकत नाही. त्यांनी फक्त निवडलेली पोरं मोजली. उरलेली बघायची तर आपल्यालाच चालत जावं लागतं, आणि ह्या वाटेवर सोबतीला कुणी येत नाही.”

मग ते शांतपणे म्हणाले, “सांगितलं कशासाठी, ते विचारलंस. त्याला बरं वाटावं म्हणून नाही, मला बरं वाटावं म्हणूनही नाही. चूक माझी होती आणि पाच वर्षं तो ती आपली म्हणून वागवत होता. ज्याची त्याच्याकडं गेली पाहिजे. त्यानं माझ्यावर रागवावं, हा त्याचा हक्क आहे. आजपर्यंत तो बिचारा स्वतःवर रागवत होता.”

गाडी आली तेव्हा निरंजनने अप्पांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

पुढच्या माघात निवडीआधीच्या बैठकीत अप्पांनी उभे राहून ही हकीकत सगळ्यांसमोर सांगितली आणि वयाची अट शिथिल करावी अशी विनंती केली. कुणी ती मान्य केली नाही. उलट त्यांच्या संघाचे अध्यक्ष नाराज झाले. परीक्षकच आपली चूक चारचौघांत सांगू लागला तर त्याच्या निवडीवर विश्वास कोण ठेवणार, असे ते म्हणाले. वर्ष संपण्याच्या आत अप्पांना मानाची शाल देऊन निरोप देण्यात आला आणि त्यांची जागा निरंजनला देऊ केली गेली. निरंजन ती घ्यायला तयार नव्हता. अप्पांनीच त्याला घ्यायला लावली. कुणीतरी घेणारच, ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याने घेतलेली बरी, एवढेच ते म्हणाले. मग ते बहिणीच्या गावी राहायला गेले.

निरंजनने पहिली निवड एकट्याने केली. तीन दिवस कुणाशेजारी बसला नाही, आणि शेजारी कुणी असावे असे किती वाटते ते त्याला त्या तीन दिवसांत कळले. चौथ्या दिवशी नावे पुकारून झाली. चोवीस मुले मंडपाकडे धावली, त्यांच्यामागे त्यांची माणसे, ताशा वाजू लागला. रीतीप्रमाणे परीक्षकांनी मागच्या दाराने निघून जायचे असते. बाकीचे गेले. निरंजन मात्र मैदानाच्या मोठ्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिथून उरलेली मुले बाहेर पडत होती.

बहुतेकांनी त्याच्याकडे पाहिले नाही. काहींनी पाहून मान खाली घातली. एका बापाने पोराचा दंड धरून त्याला दुसऱ्या बाजूने नेले. निरंजन तसाच उभा राहिला. अखेर एक मुलगा थांबला. त्याच्या गुडघ्याला मैदानाची लाल माती तशीच होती. त्याने विचारले, “सर, माझ्यात काय कमी पडलं?”

निरंजनला सांगण्यासारखे पुष्कळ होते. तो म्हणाला, “उजवीकडच्या पकडीत तुझा तोल जातो, असं मला दिसलं. पण मला जे दिसलं तेवढाच तू नाहीस. माझ्या नजरेतून काही सुटलंही असेल. तुझं गाव सांगून ठेव, मी खेळ बघायला येईन.”

विश्वास ठेवावा की नाही हे मुलाचे ठरत नव्हते. मग त्याने गावाचे नाव सांगितले आणि तो गेला. निरंजनने ते लिहून घेतले. मंडपात फोटोसाठी त्याला दोनदा बोलावणे आले. शेवटचा मुलगा रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत तो फाटकातून हलला नाही.