बत्तीस वजा पंधरा

“ते सगळं राहू दे, गुरुजी. पोरं शिकतात की नाही, एवढंच सांगा.”

शालन हे तिसऱ्यांदा विचारत होती. मोरगोळचे हत्तरगी गुरुजी सोप्यात पोतं अंथरून बसले होते आणि जुना खराटा सोडून त्याच्या काड्या निवडत होते. धड काड्या उजवीकडं, मोडक्या डावीकडं. वय चौऱ्याऐंशी, पण काडी बोटांत आली की ती कुठल्या बाजूची हे त्यांना न बघता कळायचं.

“कागद दाखव की,” ते म्हणाले.

शालननं पिशवीतून गठ्ठा काढला. हे कागद म्हणजे तिचा जीव की प्राण. चौदा वर्षांपूर्वी गडहिंग्लजला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चार पोरं घेऊन तिनं ‘पायरी’ नावाची शिकवणी सुरू केली होती. आता नऊ गावांत नऊ वर्ग झाले होते. पद्धत सगळीकडं एकच. पोरानं यायचं, आपल्या पायरीचा छापील कागद घ्यायचा, घड्याळ लावून वीस गणितं सोडवायची. चुकली तर तोच कागद पुन्हा. सगळी बरोबर आली की पुढची पायरी.

दहावा वर्ग उद्या सकाळी दहाला तिच्या स्वतःच्या गावात, मोरगोळात उघडायचा होता. ग्रामपंचायतीच्या हॉलवर फलकही लागला होता. उद्घाटक, हत्तरगी गुरुजी. फक्त हत्तरगी गुरुजींनी अजून ‘येतो’ म्हटलेलं नव्हतं. बाजारात तुरी म्हणतात, तशातली गत.

खरं सांगायचं तर फलकाची तिला फिकीर नव्हती. उद्घाटनाला आमदारसुद्धा मिळाला असता. लहानपणी तिला शिकवलेल्या या एका माणसाच्या तोंडून तिला ऐकायचं होतं, की शालन, तू मास्तरीण झालीस. त्यासाठी ती चौदा वर्षं थांबली होती.

गुरुजींनी कागद घेतला, आणि उलटून आधी त्याची पाठ बघितली.

“पाठीमागं काय न्हाई?”

“नसतं, गुरुजी. पोरांचं लक्ष उडतं.”

“आमची पोरं पाटीच्या पाठीमागं मांजर काढायची.”

“आणि तुम्ही मारायचात.”

“मांजराला मिशा नसल्या तरच.”

शालनला हसू आलं. एकदम तिच्या नाकात ओल्या पाटीचा वास शिरला. दप्तरातली भिजवलेली चिंधी, बोटभर उरलेली पेन्सिल, आणि पाटी वाळावी म्हणून ती हवेत हलवत सगळ्यांनी मिळून म्हणायचं ते गाणं. कुठं गेलं ते सगळं, असं तिला वाटून गेलं. पण ती वासात रमायला आली नव्हती.

“चेष्टा नको, गुरुजी. पाचवीतली पोरं यायची माझ्याकडं, हातच्याची वजाबाकी येत नसलेली. पाचवीतली! सहा महिन्यांत घडाघडा करायला लागली. हे काय खोटं आहे?”

“खोटं कशाला असंल? हात बसला की काम सोपं होतंय. मी रोज पाढे म्हणून घेत होतो ते काय हौस म्हणून?”

“मग झालं तर.”

“झालं की…”

पण ‘येतो’ काही म्हणाले नाहीत. पुन्हा काड्या निवडू लागले.

शालनला आता राग यायला लागला. म्हाताऱ्या माणसांचं हे असंच, आपल्या काळाचं ते सोनं. तिनं गठ्ठ्यातले शेवटचे दोन कागद काढले. ते तिनं मुद्दाम मागं राखून ठेवले होते.

“हे बघा. आपल्याच गावातली पोरगी, वेदिका चौगुले. दुसरीत आहे. गेल्या आठवड्यात इथं नमुन्याचा वर्ग घेतला, त्यातली. सोमवारी विसातली अकरा बरोबर. शनिवारी वीसच्या वीस.”

गुरुजींनी शनिवारचा कागद न बघताच मांडीखाली ठेवला. सोमवारचा मात्र दाराकडं वळून उजेडात धरला.

“बत्तीस वजा पंधरा… तेवीस लिहिलंय.”

“चूक आहे ते. पाचातून दोन काढलेत तिनं. सगळीच पोरं करतात.”

“का करत्यात?”

“का म्हणजे? मोठ्यातून लहान जातं, एवढंच ठाऊक असतं त्यांना.”

“हिला विचारलंस?”

“चाळीस पोरं असतात, गुरुजी. एक ताई ठेवलेली असते. ती लाल फुली मारते, पोरगी पुन्हा सोडवते. आणि नुसते आकडे नाहीत हो, काड्यांच्या जुड्या पण छापल्यात. चार रंगांत. बघा तरी.”

गुरुजींनी चित्रावरून अंगठा फिरवला. दहा काड्या, मधोमध लाल दोरा. चित्र मोठं सुबक होतं.

“सुटत न्हाई ही जुडी.”

“…चित्र आहे ते, गुरुजी.”

“होय. चित्रच हाय.”

अंगणातून एक कोंबडी वर येऊन मोडक्या काड्यांचा ढीग विस्कटत होती. तिला हुसकायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. आत पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण करकरलं. तो आवाज शालननं झोपेतसुद्धा ओळखला असता. शाळेत ही ट्रंक गुरुजींच्या टेबलाखाली असायची. चिंचोके, गारगोट्या, काटे नसलेलं घड्याळ, काय काय निघायचं तिच्यातून. पोरांना वाटायचं, गुरुजींची खरी शाळा त्या ट्रंकेतच भरते.

गुरुजी बाहेर आले, खाली बसले, आणि हातातलं पोत्यावर ठेवलं.

तीन जुड्या, दोन सुट्या काड्या.

जुड्या निळ्या रिबिनीच्या तुकड्यांनी बांधल्या होत्या. निळी कसली, वरून पार राखाडी झाली होती ती. पण गाठीच्या घडीत, जिथं उजेड पोचला नव्हता, तिथं अजून निळी होती.

“ह्या… ह्या माझ्या,” शालन म्हणाली.

“तुझ्याच.”

पहिलीची परीक्षा संपल्यावर गुरुजींनी सगळ्या पोरांना सांगितलं होतं, जूनमध्ये येताना दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या करून आणायच्या. त्याच मे महिन्यात अक्काचं लग्न होतं. आई दिवसभर शेतात. शालनला न्हाऊ घालणारी, वेणी घालणारी, दारातली पहिली जांभळं तिच्यासाठी ओच्यात लपवून ठेवणारी अक्काच. हळदीच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी फुललेलं, आणि नवरी परसात बसून खराट्याच्या काड्या मापानं तोडत होती. “जूनमध्ये मी नसणार. मग तुला कोण करून देणार?” बांधायला दोरा सापडेना, तेव्हा तिनं केसांची रिबीन सोडली आणि कात्रीनं कापली. “मला आता कुठं लागत्यात रिबिनी,” म्हणाली.

जूनमध्ये हातच्याची वजाबाकी आली. सुट्या काड्या पुरल्या नाहीत की एक जुडी सोडायची, दहा सुट्या करायच्या, आणि मग काढायच्या. सगळ्या वर्गानं जुड्या सोडल्या. शालननं सोडली नाही. दोनातून पाच जाईनात, मग तिनं पाचातूनच दोन काढले आणि तेवीस लिहून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशीही तेवीस. तिसऱ्या दिवशीही.

“तुम्ही फुली मारली नव्हती,” शालन म्हणाली. “टिंब द्यायचात. तेवीसच्या शेजारी एक टिंब.”

“काय लिहावं कळंना, म्हणून टिंब. मला वाटलं, पोरगी मठ्ठ हाय. आठ दिवस तसंच वाटलं बघ. मीबी म्हणत होतोच की, पुन्हा कर, पुन्हा कर. तुझ्या ताईसारखं.”

“मग?”

“मग एक दिवस खडू संपले. फळ्यापाशी उभं राहून करायचं काय? म्हणून खाली आलो, तुझ्या शेजारी बसलो. बघतो तर तू जुडी उचलतीस, गाठीवरनं अंगठा फिरवतीस, आन् परत ठेवतीस. मी विचारलं, का गं? तू काय म्हणालीस?”

एकोणचाळीस वर्षांनी ते शब्द तिच्या ओठांवर जसेच्या तसे आले. गडहिंग्लजचं सगळं शहाणपण जिभेवरून गळून पडलं.

“अक्का पंचमीला येणार हाय. ती सोडंल.”

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला पोर माहेरी येते, ही गावाची रीत. गुरुजींनी त्या दिवशी जाहीर केलं, वजाबाकी पंचमीनंतर. आणि थांबले की खरंच! दुसरीचा आख्खा वर्ग एका पोरीच्या बहिणीची वाट बघत बसला. बेरजा झाल्या, गावातली झाडं मोजून झाली, पाट्यांच्या पाठीवर मिशीवाली मांजरं झाली, पण वजाबाकीला कुणी हात लावला नाही. मध्येच तपासणीचे साहेब येऊन शेरा मारून गेले, की दुसरीची वजाबाकी मागे आहे.

“त्या शेऱ्यापायी हेडमास्तर तीन दिवस बोलला नव्हता माझ्याशी,” गुरुजी म्हणाले. “लई शांत वाटलं.”

पंचमी आली. झाडांना झोके लागले, पोरी फेर धरून नाचल्या. शालन नवं परकर-पोलकं घालून एसटीच्या थांब्यावर उभी राहिली, पार दिवस मावळेपर्यंत. पण हिरण्यकेशीला पाणी चढलं होतं. पुलावरून गाडी बंद होती. अक्का आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शालन सुजलेले डोळे घेऊन शाळेत गेली. गुरुजी पुन्हा तिच्या शेजारी खाली बसले. तिची एक जुडी उचलून आपल्याकडं घेतली आणि तिच्या जागी खिशातली एक ठेवली, साध्या सुतळीनं बांधलेली. “ही माझी. ही सोड. तुझ्या राहू देत.” तिनं सोडली. दहा काड्या जमिनीवर पसरल्या, पाच काढल्या, एक जुडी बाजूला केली, आणि सतरा उरल्या. इतकं सोपं होतं ते.

तिच्या जुड्या गुरुजींनी ट्रंकेत ठेवल्या. अक्का आली की घेऊन जा, म्हणाले. अक्का दिवाळीला आली, तोवर शालन पाढ्यांत गुंतली होती. जुड्या राहूनच गेल्या.

अक्का आता निपाणीला नातवंडांत रमलेली असते. गुडघे धरलेत, पण दर रविवारी न चुकता फोन करते. सगळं ठीक आहे. फक्त परसात बसून रिबीन कापणारी ती अठरा वर्षांची पोर आता कुठंच नाही, निपाणीतसुद्धा नाही.

शालननं डोळे पुसले. मग तिची नजर वेदिकाच्या कागदावर गेली. बत्तीस वजा पंधरा, तेवीस. शेजारी ठसठशीत लाल फुली.

“गुरुजी… ही का चुकली असेल?”

“मला काय ठावं? मी कुठं बसलो होतो तिच्या शेजारी?”

“नुसतंच येत नसेल तिला.”

“असंल की. लई पोरांना नुसतंच येत नसतंय. त्यांना तुझा कागद बेस.”

“आणि बाकीच्यांना?”

गुरुजींनी पोत्यावरच्या तीन जुड्या आणि दोन काड्या तिच्या पुढ्यात सरकवल्या.

“कर.”

“काय करू?”

“बत्तीस वजा पंधरा. नऊ वर्ग चालवतीस, एवढं यायला पायजे.”

शालननं हसायचा प्रयत्न केला. एक जुडी उचलून बाजूला ठेवली. दहा गेले. अजून पाच हवे होते, आणि सुट्या काड्या दोनच. तिनं दुसरी जुडी हातात घेतली. गाठीत नख घातलं. रिबीन इतकी विरली होती, की जरा ओढली असती तरी सुटली असती…

नख तिथंच थांबलं.

तिचा अंगठा गाठीवरून फिरला. एकदा. मग आणखी एकदा. तिनं जुडी हळूच खाली ठेवली.

मान वर केली तेव्हा समोरची जागा रिकामी होती. गुरुजी कधी सरकून तिच्या शेजारी येऊन बसले, तिला कळलंही नव्हतं.

“किती उरले?” त्यांनी विचारलं.

“तेवीस, गुरुजी.”

“बरोबर,” गुरुजी म्हणाले. “उद्या येतो मी.”