‘पण’च्या पुढचं

एकदा एक वृद्ध आचार्य आपली पाठशाळा लाडक्या शिष्याच्या स्वाधीन करून टेकडीखालच्या झोपडीत राहायला गेले. शिष्याचं नाव विश्वंभर. विश्वाचा भार वाहणारा असा त्या नावाचा अर्थ, आणि स्वारीला तो भार एकट्यानेच वाहायची भारी हौस! बुद्धी इतकी तल्लख, की समोरच्याने तोंड उघडावं आणि याने उत्तर देऊन मोकळं व्हावं. गळकं छप्पर, आटलेली विहीर, विस्कटलेलं वेळापत्रक, सगळं त्याने वर्षाच्या आत मार्गी लावलं. कुणी काही सांगायला आलं की हा अर्ध्यावरच हात वर करायचा आणि म्हणायचा, “कळलं, कळलं!” आता खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा त्याला खरंच कळलेलं असायचं. आपली गोष्ट आहे ती न कळलेल्या एका वेळेची.

पाठशाळेत वेणूबाई लहानग्यांना अक्षरं शिकवत. विश्वंभराच्या पाटीवरचा पहिला ‘अ’सुद्धा त्यांनीच गिरवून घेतलेला. एके दिवशी त्या त्याच्या दालनात आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “हल्ली मला सकाळी यायला उशीर होतो, पण...”

“कळलं, कळलं!” विश्वंभर प्रसन्नपणे म्हणाला. “अहो बाई, एवढंच ना? तुमचा पहिला तास काढून टाकतो. उद्यापासून तो कुणीतरी तरुण शिक्षक घेतील. तुम्ही आपल्या सावकाश या.”

बाईंनी बोटाचा पदर सोडवला. मग “बरं” म्हणून निघून गेल्या. आपल्या औदार्याने विश्वंभराचं मन भरून आलं, आणि तो पुढच्या कामाला लागला.

थोड्याच दिवसांत बाईंचा निरोप आला, की महिनाअखेर मी पाठशाळा सोडते आहे. बातमी फुटली आणि लहान वर्गात रडारड सुरू झाली. जुने शिक्षक आपसात कुजबुजू लागले, “बाईंनाच इथे राहवत नसेल, तर आपण तरी कशाला राहायचं?” आचार्यांनी जन्मभर खपून उभी केलेली पाठशाळा आपल्या हातून मोडणार, या विचाराने विश्वंभराच्या पायाखालची जमीन सरकली. तो तडक टेकडी उतरला.

आचार्य अंगणात दुधीच्या मांडवाखाली उभे होते. एक हात वर करून आडवा बांबू धरलेला. शिष्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. “बरा आलास! अरे, हा खांब जरा...”

“कळलं, गुरुजी, ते बघू नंतर. आधी माझं ऐका.” आणि त्याने सांगायला सुरुवात केली. बाईंना मी काय कमी केलं? मागण्याआधी सवलत दिली. त्याचं हे फळ? कृतज्ञता म्हणून काही असते की नाही?

“विश्वंभर!” आचार्यांनी एकाएकी वर्गातली हजेरी घ्यावी तशी हाक दिली.

लहानपणची सवय कुठे जाते! तो ताठ झाला. “हजर, गुरुजी!”

“गैरहजर,” आचार्य म्हणाले.

विश्वंभर गोंधळला. म्हातारपणी असं व्हायचंच, असं मनाशी म्हणून पुन्हा बोलू लागला. जुने शिक्षक काय म्हणतात, बाईंच्या जागी कुणाला आणता येईल, पालकांना काय सांगायचं.

“विश्वंभर!”

“हजर!”

“गैरहजर.”

“गुरुजी, थट्टा पुरे झाली! माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही...” त्याने रागाने वर पाहिलं. आचार्यांचा हात अजून वरच होता. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मांडवाचा खांब मोडून त्यांच्या पायाशी पडला होता, आणि तो सगळा भार म्हातारा एका हातावर तोलून उभा होता.

विश्वंभराने झेप घेऊन बांबू धरला. “अहो, सांगायचं नाही का!”

“सांगत होतो की,” आचार्य मनगट चोळत म्हणाले. “‘हा खांब जरा’ इथवर पोचलो होतो. पुढचं तुला कळलं म्हणालास.”

विश्वंभराला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आचार्य शांतपणे बोलू लागले. “तुझ्या बुद्धीला मी नावं ठेवत नाही, बाळा. तिला जरा उंबऱ्यावर थांबायला शिकव, इतकंच. माणूस मन मोकळं करायला येतो, तेव्हा सोपं असेल ते आधी बोलतो. जे जड असतं, ते ‘पण’च्या पुढे असतं. तिथवर जायला त्याला धीर लागतो, आणि तो ऐकणाऱ्याने द्यायचा असतो. एखादा वर्ग तू नुसत्या उत्तरांवर चालवशील. पाठशाळा चालवायची तर माणसापुढे पुरतं हजर असावं लागतं. सांग, वेणूबाई काय म्हणाल्या होत्या?”

“सकाळी उशीर होतो, पण...”

“पण काय?”

विश्वंभर जन्मात पहिल्यांदा म्हणाला, “माहीत नाही, गुरुजी.”

“आत्ता हजर झालास,” आचार्य हसले. “आता खांब बसव, आणि मग जा.”

वेणूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. विश्वंभर समोर जमिनीवरच बसला. “बाई, त्या दिवशी तुमचं बोलणं मी मध्येच तोडलं. ‘पण’च्या पुढचं ऐकायला आलोय.”

“आता काय त्याचं?” बाई सुपावरची नजर न काढता म्हणाल्या. तो गप्प बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्यांचे हात थांबले.

“यजमान अंथरुणाला खिळलेत. त्यांचं आवरून निघेस्तोवर उशीर होतो. पण पहिला तास तेवढा काढू नका, हे सांगायला आले होते मी. त्या पोरांत बसले की घटकाभर घराचा विसर पडतो हो. प्रार्थना आधी घ्या, अक्षरं मागून घ्या, एवढंच मागायचं होतं. तुम्ही नेमकं तेच काढून घेतलंत.”

‘कळलं’ अगदी ओठांवर आलं होतं. विश्वंभराने ते गिळलं. “आणखी सांगा, बाई,” तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्यांनी त्याला जुन्या नावाने हाक मारली. “विशू, लहानपणी तुला ‘ळ’ काढता यायचा नाही. रडायचास, पाटी आपटायचास. मी कधी हात धरून काढून दिला नाही. तुझा तुला जमेपर्यंत शेजारी बसून राहायचे. आणि आता बघावं तर येता-जाता आपलं कळलं, कळलं!”

विश्वंभराच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातच त्याला हसूही फुटलं. “चुकलो, बाई. याल ना?”

दुसऱ्या दिवशी प्रार्थना आधी झाली. अक्षरांचा तास सुरू झाला तेव्हा विश्वंभर वर्गाच्या दारात निमूटपणे उभा होता. बाईंनी एकेका लहानग्याचं नाव घेऊन हजेरी संपवली, आणि शेवटी दाराकडे न पाहताच हाक मारली, “विशू?”

“हजर, बाई.”

पोरं खदखदून हसली. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. “हजर,” त्या म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळल्या.